वाफ दिली, घरी पाठवलं, पुढे काय? नागपूर जिल्ह्यात मुलांच्या दम्याची घडी बसवताना

एका पावसाळी दुपारी ओपीडीत एका आईनं प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. सहा वर्षांची मुलगी आणि नऊ महिन्यांतल्या अकरा चिठ्ठ्या. वस्तीतला खासगी दवाखाना, नागरी आरोग्य केंद्र, मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी, पुन्हा वस्तीतला दवाखाना. प्रत्येक चिठ्ठीवर वाफ (नेब्युलायझर यंत्रातून दिलेलं औषध), बहुतेकींवर अँटिबायोटिक आणि कफ सिरप. निदानाच्या जागी कुठे 'ब्रॉन्कायटिस', कुठे 'एलआरटीआय' (छातीचा संसर्ग), कुठे नुसतंच 'छाती भरणे'. दमा हा शब्द अकरापैकी एकाही चिठ्ठीवर नव्हता आणि मुलीला आजवर पंप (इनहेलर) मिळालेला नव्हता. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. समोर धापा टाकणारं मूल आलं, त्यांनी धाप थांबवली. पण अकरावी चिठ्ठी लिहिणाऱ्याला आधीच्या दहांचा पत्ताच नव्हता.

मुलांचा दमा बिघडतो तो असा, दोन दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर. म्हणून हा लेख एका डॉक्टरनं एका मुलाला कसं बरं करावं याबद्दल नाही. केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका, औषधनिर्माते (फार्मासिस्ट), आशाताई आणि महानगरपालिका व जिल्हा परिषदेत निर्णय घेणारी मंडळी यांनी मिळून काय करावं, ते यात आहे. औषधांची मात्रा डॉक्टरांसाठी दिली आहे. पालकांनी ती वाचून स्वतः बदल करू नये.

आपल्याकडची अडचण मोठी आहे. ग्लोबल अस्थमा नेटवर्कची भारतातल्या नऊ केंद्रांमधली पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मुलं आणि त्यांचे पालक मिळून घरघर असलेल्या ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं, आणि रोजचा प्रतिबंधक पंप घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी होते. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात. औषध पन्नास वर्षं जुनं आहे, ते मुलापर्यंत पोचत नाही.

आधी नकाशा समजून घ्या

नागपुरात मूल कुठल्या दारातून आत येईल सांगता येत नाही, आणि दारांचे मालक वेगवेगळे. मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, मिहानमधलं एम्स केंद्र सरकारकडे, नागरी आरोग्य केंद्रं महानगरपालिकेकडे, काटोल-उमरेड-रामटेककडची प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे आणि ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. यांत हजारो खासगी दवाखाने मिळवा. शिवाय भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि पलीकडून छिंदवाडा, बालाघाट, शिवनीची मुलंही इथेच येतात. या सगळ्यांची सॉफ्टवेअरं एक होण्याची वाट बघत बसलो तर आजची मुलं मोठी होतील. एक समान कागद, एक समान यादी आणि महिन्यातून एकदा एक तास एकत्र बसणं, एवढ्यावर सुरुवात होते.

पहिली पायरी: यादी

एक नागरी केंद्र आणि एक ग्रामीण प्राथमिक केंद्र निवडा. सगळा जिल्हा एकदम घेऊ नका. गेल्या बारा महिन्यांचं ओपीडी रजिस्टर आणि वाफेची वही काढा. एक ते चौदा वर्षांच्या ज्या मुलाला दोन किंवा अधिक वेळा वाफ दिली, त्याचं नाव वेगळ्या वहीत उतरवा. 'दमा' शोधू नका, तो सापडणार नाही. 'व्हीझ', 'अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कायटिस', 'हायपर रिअ‍ॅक्टिव्ह एअरवे', 'वारंवार निमोनिया' हे सगळं शोधा. परिचारिका आणि एक इंटर्न बसले तर दोन दुपारींत काम होतं.

रकाने थोडेच ठेवा: नाव, वय, वस्ती, शाळा किंवा अंगणवाडी, दोन फोन नंबर, आशाताईंचं नाव, किती वेळा वाफ, किती वेळा भरती, प्रतिबंधक पंप आहे का, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) आहे का, पुढची तारीख. दोन नंबर यासाठी की फोन बहुधा बापाजवळ असतो आणि बाप कामावर असतो.

दुसरी पायरी: आजाराचं नाव उच्चारा

यादीतल्या मुलांना शांत दिवशी बोलवा, धाप लागलेल्या दिवशी नव्हे. वारंवार घरघर, रात्री किंवा पहाटे खोकला, धावल्यावर किंवा खूप हसल्यावर खोकला, वाफेनं लगेच आराम, घरात कुणाला दमा किंवा स्वतःला त्वचेची अ‍ॅलर्जी, असं चित्र जुळलं तर दमा धरावा. सहा वर्षांवरच्या मुलाची स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून करायची श्वासाची तपासणी) मोठ्या रुग्णालयात करता येते. श्वासनलिका मोकळी करणारं सॅल्ब्युटामॉल दिल्यावर पहिल्या सेकंदातला श्वास १२ टक्क्यांहून जास्त सुधारला तर निदानाला बळ मिळतं. त्याहून लहान मुलात किंवा यंत्र नसेल तिथे दोन-तीन महिने कमी मात्रेचा प्रतिबंधक पंप देऊन फरक बघणं हा मान्य मार्ग आहे. मात्र आधी आणि नंतर किती दिवस त्रास झाला, ते लिहून ठेवा.

सगळी घरघर दम्याची नसते. वजन घटतंय, घरात कुणाला टीबी आहे, खोकला ओला आणि सततचा आहे, तर आधी टीबीची तपासणी. चांगलं खेळणारं मूल अचानक ठसकलं आणि एकाच बाजूला आवाज येतोय, तर शेंगदाणा किंवा सीताफळाची बी श्वासनलिकेत गेली असेल.

आणि विदर्भात एक गोष्ट विसरून चालणार नाही: सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात हा आजार बराच आहे. सिकलसेलच्या मुलाला दमाही असू शकतो आणि अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोमही (सिकलसेलमुळे फुप्फुसांना होणारा गंभीर त्रास) होऊ शकतं. दोन्हींत धाप लागते, पण उपचारांचे रस्ते वेगळे. अशा मुलाला तोंडावाटे किंवा शिरेतून स्टिरॉइड दिल्यास औषध थांबल्यावर वेदनेचा झटका उलटू शकतो. म्हणून यादीत 'सिकलसेल तपासणी झाली का' हा रकाना हवाच, आणि या मुलांचा निर्णय मोठ्या रुग्णालयाशी बोलून घ्या.

निदान पक्कं झालं की पालकांना 'दमा' म्हणून सांगा. 'बाळदमा आहे, आपोआप जाईल' म्हटलं की पंप दुसऱ्याच महिन्यात फडताळात जातो.

तिसरी पायरी: औषध हातात

सगळ्यांत जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण गाडी इथेच अडते.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात मुलांच्या रुग्णालयानं गरीब कुटुंबांतल्या मुलांसाठी काही साध्या गोष्टी नेटानं केल्या. घरी जाताना चिठ्ठीऐवजी औषधच हातात दिलं, लेखी आराखडा दिला, घरी भेटी दिल्या आणि प्रत्येक आकडा महिन्यागणिक तपासला. २०१४ च्या मध्यापर्यंत त्या मुलांच्या दम्याच्या भरती आणि आपत्कालीन विभागातल्या भेटी, दोन्ही ४० टक्क्यांहून जास्त घटल्या. फिनलंडनं तर १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं सगळ्या देशाचा दमा कार्यक्रम चालवला. त्याचा कणा होता लवकर निदान, वेळेवर प्रतिबंधक औषध आणि औषधनिर्मात्यांपर्यंत सगळ्यांचं प्रशिक्षण.

आपल्या केंद्रात तीन वस्तू कायम हव्यात: सॅल्ब्युटामॉलचा पंप (एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम), बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन या स्टिरॉइडचा प्रतिबंधक पंप, आणि स्पेसर, लहानांसाठी मास्कसह. सॅल्ब्युटामॉलचं सिरप मागवणं बंद करा. ते उशिरा काम करतं, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि 'औषध तर देतोय' या समाधानात पंप मागे पडतो.

मागणी अंदाजानं भरू नका. बहुतेक प्रतिबंधक पंपात २०० फवारे असतात. सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा असेल तर एक पंप शंभर दिवस चालतो, दोन-दोन असतील तर पन्नास. यादीत साठ मुलं आणि प्रत्येकी एकेक फवारा दोनदा, तर वर्षाला माणशी चार, एकूण २४० पंप. हा हिशेब औषधनिर्मात्यासोबत बसून करा आणि ई-औषधी या सरकारी औषधसाठ्याच्या ऑनलाइन प्रणालीत मागणी त्याप्रमाणे टाका. पंप पाण्यात तरंगतो का बघून त्यात औषध उरलं की नाही ते कळत नाही. सुरू केल्याची तारीख मार्कर पेननं पंपावरच लिहा आणि संपण्याची तारीख शेजारी.

स्पेसर संपला म्हणून मुलाला परत पाठवू नका. ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून, ते घट्ट बसेल असं सील केलं की स्पेसर तयार. दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये झालेल्या अभ्यासात हा बाटलीचा स्पेसर झटक्याच्या वेळी बाजारातल्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. वापरण्याआधी साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, हवेत वाळू द्या. फडक्यानं घासलं की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

एका आकड्यावर खास नजर ठेवा. वर्षात सॅल्ब्युटामॉलचे तीन किंवा जास्त पंप संपवणाऱ्या मुलाला मोठा झटका येण्याचा धोका जास्त असतो. आराम देणारा पंप वारंवार नेणारं आणि प्रतिबंधक पंप न नेणारं मूल औषधनिर्मात्याच्या खिडकीवर सगळ्यांत आधी ओळखू येतं. त्यानं ते नाव लाल पेनानं लिहून डॉक्टरकडे पाठवायचं. बारा वर्षांवरच्या मुलांना तर नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर ठेवूच नये, हे दम्यावरच्या 'जीना' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शिकेत २०१९ पासून स्पष्ट आहे. सहा ते अकरा वयातल्या मुलांनाही आराम देणाऱ्या औषधाबरोबर स्टिरॉइड पोचलं पाहिजे.

चौथी पायरी: शिकवा, आणि करून दाखवायला सांगा

"पंप एकदा लागला का मंग सुटत नाही म्हंतेत, मॅडम." हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं, आणि बोलणारी बहुतेक वेळा आजी असते. आजीला वगळून आईशी बोललात तर पंप घरी जाऊन बंद होणार, हे धरून चाला. आजीला समोर बसवा. गोळीचं औषध सगळ्या अंगात फिरतं, पंपाचं थोडंसं औषध थेट छातीत जातं, हे पटतं. सवय पंपाची लागत नाही. आजार चिवट आहे म्हणून औषध रोज लागतं. उंचीबद्दल विचारलं तर खरं सांगा: रोजच्या पंपानं उंची साधारण एखाद्या सेंटिमीटरनं कमी भरू शकते, पण न आवरलेला दमा आणि दर महिन्याच्या स्टिरॉइड गोळ्या याहून जास्त नुकसान करतात.

पद्धत अशी: पंप हलवा, स्पेसरला लावा, मास्क नाक-तोंडावर घट्ट धरा, एकच फवारा सोडा, मूल पाच-सहा श्वास घेईपर्यंत मास्क काढू नका. दुसरा फवारा लागला तर पंप पुन्हा हलवून. साधारण चार वर्षांपासून मास्कऐवजी तोंडात धरायचा स्पेसर चालतो. प्रतिबंधक पंपानंतर चूळ भरायची, बाळाचं तोंड पुसायचं. मूल रडत असताना दिलेलं औषध छातीत फारसं उतरत नाही, झोपेत द्यायला गेलं तर ते बहुधा जागं होऊन झटकतं. मांडीवर घेऊन, आधी रिकामा मास्क बाहुलीला लावून खेळवलं की जमतं.

मग आईला म्हणा, "आता तुम्ही करून दाखवा." प्रत्येक भेटीत. मी दहा वेळा शिकवलेल्या घरातही अकराव्या वेळी दोन फवारे एकदम सोडलेले पाहिले आहेत.

पाचवी पायरी: एका पानाचा आराखडा

ब्रिटनमध्ये १९५ दमा-मृत्यूंचा बारकाईनं आढावा घेऊन २०१४ मध्ये अहवाल निघाला. त्यांतल्या २३ टक्के रुग्णांनाच लेखी आराखडा मिळालेला होता. आपल्याकडे तर कागद फारसा दिलाच जात नाही.

पान मराठीत आणि हिंदीत छापा, चित्रांसह, तीन रंगांत. हिरवं: रोजचा पंप कधी, किती. पिवळं: खोकला वाढला, रात्री उठलं, तर सॅल्ब्युटामॉलचे दोन फवारे एकेक करून, गरज पडली तर वीस-वीस मिनिटांनी आणखी दोनदा. लाल: पहिल्या दोन तासांत सहाहून जास्त फवारे लागले, बरगड्या ओढल्या जाताहेत, बोलता येत नाही, दूध ओढता येत नाही, ओठ निळे पडले, मूल गळून गेलं, तर १०८ ला फोन आणि वाटेत पंप चालूच. मुलाचं नाव आणि मात्रा डॉक्टरनं हातानं भरायची. एक प्रत घरच्या भिंतीवर, एक शाळेत, एक केंद्राच्या फाइलला.

सहावी पायरी: झटक्याचा उपचार सगळीकडे एकच

कॅज्युअल्टीपासून उपकेंद्रापर्यंत एकच तक्ता भिंतीवर लावा. ऑक्सिजन ९४ ते ९८ टक्के राहील असा द्या. सॅल्ब्युटामॉल स्पेसरनं, पहिला तास दर वीस मिनिटांनी: पाच वर्षांपर्यंत दोन ते सहा फवारे, त्यावरच्यांना चार ते दहा. स्पेसर वाफेइतकाच चालतो आणि वीज गेली तरी अडत नाही. खूप गंभीर मुलाला ऑक्सिजनवर वाफ आणि सोबत इप्राट्रोपियम. प्रेडनिसोलोन (तोंडावाटे द्यायचं स्टिरॉइड) किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, पहिल्या तासातच: दोन वर्षांखाली दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत, दोन ते पाच वर्षांत ३०, सहा ते अकरा वर्षांत ४०. तीन ते पाच दिवस पुरतात. अँटिबायोटिक आणि एक्स-रे सरसकट नकोत. झोपेचं औषध अजिबात नको. तासाभरात सुधारणा नाही तर पुढे पाठवा, आणि १०८ च्या डॉक्टरकडे काय दिलं याची चिठ्ठी द्या.

घरी जाण्याच्या क्षणी परिचारिकेनं चार गोष्टी तपासायच्या: प्रतिबंधक पंप हातात आहे, स्पेसर हातात आहे, आईनं करून दाखवलं, पुढची तारीख दिली. ही तारीख लहान मुलाची एक-दोन दिवसांतली, मोठ्याची आठवड्याच्या आतली, आणि जवळच्याच केंद्रातली असावी. हिंगण्याच्या बाईला तपासणीसाठी मजुरी बुडवून परत मेडिकलला बोलावलं तर ती येणार नाही, आणि तिचं चुकतं असंही म्हणवत नाही. रुग्णालयानं त्या केंद्राला त्याच दिवशी नाव कळवायचं. एवढा एक निरोप गेला की मधल्या रस्त्यावर मूल हरवत नाही.

शाळा आणि घर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातातच. त्यांनी तीन प्रश्न जास्तीचे विचारावेत: वर्षभरात छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का, रात्री खोकल्यानं झोपमोड होते का, खेळाच्या तासाला मागे राहतं का. दोन उत्तरं 'हो' आली की नाव यादीत. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्याच सुमारास पाऊस आणि सर्दी-पडसं सुरू होतं. म्हणून पंपांचा साठा आणि शिक्षकांचं अर्ध्या तासाचं प्रशिक्षण जूनच्या मध्यापर्यंत आटोपा. मुख्याध्यापकांच्या कपाटाला कुलूप असतं, तेव्हा पंप वर्गशिक्षकाजवळ किंवा मोठ्या मुलाच्या दप्तरात.

घरभेटीत आशाताईंनी नागपूरच्या घरात बघायची पहिली वस्तू म्हणजे कूलर. वर्षभर बंद पडलेल्या कूलरच्या ताट्यांत धूळ आणि बुरशी साठते आणि मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी ती थेट मुलाच्या तोंडावर येते. ताट्या बदला, टाकी घासा, पहिला तासभर मूल खोलीबाहेर. मग मच्छर अगरबत्ती, चूल, हिवाळ्यातली शेकोटी, बापाची बिडी, गाजर गवत. एका भेटीत एकच बदल ठरवा. दहा सूचना दिल्या की एकही पाळली जात नाही.

हवेचा भाग कुटुंबाच्या हातात नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या परिसरातल्या किंवा भांडेवाडीच्या कचऱ्याशेजारच्या आईला 'धुरापासून दूर राहा' सांगणं मला जड जातं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूरचं नाव आहे. वस्तीनिहाय यादी हाती असेल तर महापालिकेच्या बैठकीत आरोग्य विभागाला मुलांच्या आकड्यांनिशी बोलता येईल.

मोजायचं काय

चार आकडे, दर महिन्याला, भिंतीवरच्या आलेखावर: यादीतल्या किती मुलांकडे प्रतिबंधक पंप आणि स्पेसर दोन्ही आहेत, किती मुलं झटक्यानंतर तीस दिवसांत परत आली, किती जणांनी तारीख पाळली, शाळेचे किती दिवस बुडाले. चार वर्षांवरच्या मुलांसाठी प्रश्नावलीचा दमा-नियंत्रण गुणांक घेता आला तर उत्तम. १९ किंवा कमी म्हणजे दमा आटोक्यात नाही. गुण कमी आले की मात्रा वाढवण्याआधी पंप घेण्याची पद्धत बघा.

महिन्याच्या बैठकीला दोन्ही केंद्रांचे अधिकारी, एक औषधनिर्माता, एक आशाताई, मोठ्या रुग्णालयाचा एक बालरोगतज्ज्ञ आणि शक्य तर एक आई. तीस दिवसांत परत आलेल्या प्रत्येक मुलावर पाच मिनिटं: पंप संपला होता, बंद केला होता, चुकीचा घेतला जात होता, की निदानच चुकलं? कारण लिहा, त्यातलं एक पुढच्या महिन्यासाठी निवडा. तीन महिने दोन केंद्रांत हे टिकलं की तिसरं केंद्र घ्या.

पहिल्या आठवड्यात यादीतल्या सगळ्यांना फोन कराल तेव्हा काही नंबर बंद लागतील, काही दुसऱ्याच कुणाचे निघतील. ती नावं खोडू नका, वेगळ्या पानावर घ्या. वर्षात दोनदा भरती झालेलं मूल त्यांत असेल तर त्याच दिवशी आशाताईंना पत्ता, एक भरलेला पंप आणि एक स्पेसर देऊन पाठवा.